फियाटचा कापलेला टप पुन्हा वर चढवताना

जून २०२५ मध्ये नूतनीकरण झालेली आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) हातात आली आणि त्यानंतर दोघांनी फोन करून एकच विचारलं, "टप कापलेली गाडी पूर्ववत होते का हो?" एकाकडे ॲम्बॅसेडर आहे, दुसऱ्याकडे माझ्यासारखीच फियाट. दोघांनाही तेच तेच सांगून झाल्यावर वाटलं, लिहूनच ठेवावं. मी हिशेब तपासणारी बाई. पान्ह्यापेक्षा पावती मला जास्त कळते. त्यामुळे हे सगळं मालकाच्या बाजूने लिहिलेलं आहे, मिस्त्रीच्या नाही.

गाडी माझ्या थोरल्या मामांची. फियाट ११०० डी, १०८९ सीसी, गियरचा दांडा स्टिअरिंगखाली, पहिली नोंदणी १९७२ ची, नाशिकचीच. मामा गेल्यावर ती मामेभावाच्या नावावर झाली. तो ती नोकरीच्या गावी घेऊन गेला आणि तिथल्या एका गॅरेजात त्याने तिचा टप सुमारे तीन इंचांनी कापून घेतला, म्हणजे टप पेलणारे खांब कापून टप तेवढा खाली आणला. मूळ हौस अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून शर्यतीवाली पोरं जुन्या फोर्डचे टप खाली घ्यायची. पुढे १९४९ ते १९५१ च्या मर्क्युरींवर सॅम बॅरिससारख्या कारागिरांनी त्याची कला केली. नीट केलेलं असं काम देखणंच दिसतं, त्यावर माझा वाद नाही. पण त्या गाड्यांना खाली वेगळी चेसिस असते. फियाटची बॉडी हीच तिची चेसिस. टप, खांब आणि खालचा पत्रा मिळून सगळा भार वाहतात. त्यातलं एक कापलं की बाकीचं हळूहळू सरकायला लागतं.

दादाची, म्हणजे त्या मामेभावाची, दोन-तीन वर्षांत हौस भागली आणि वैताग सुरू झाला. शेवटी, "तुला हवी असेल तर घेऊन जा, नाहीतर भंगारात देतो," म्हणाला. सप्टेंबर २०२४ मध्ये, अनंत चतुर्दशी झाल्यावर, गाडी टोइंगवाल्याकडून नाशिकला आली.

लांबून बरी दिसत होती. जवळ गेल्यावर एकेक कळायला लागलं. चालकाचं दार लावलं की वरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट, आणि खाली मात्र पत्र्याला पत्रा घासायचा. मागच्या दाराची काच अर्ध्यावर अडकायची. पुढची काच काचच नव्हती, ॲक्रिलिकचा तुकडा होता, वायपरने ओरखडलेला. लॅमिनेटेड (दोन थरांमध्ये पातळ पडदा असलेली) काच जाणकार माणूस कापून देतो. दारांच्या टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेला कटर लावला की तिचा चुरा होतो, म्हणून तिथेही ॲक्रिलिकच. टपावर हात दाबला तर डबडब वाजायचा. आणि मी, पाच फूट तीन इंचांची, सीटवर बसले तर माझे डोळे नेमके काचेच्या वरच्या कडेला. सिग्नलला पुढे उभं राहिलं तर दिवा बघायला मान खाली घालून वर बघावं लागायचं.

पहिली युक्ती इथेच सांगते. एक छोटं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळा आणि खांबांवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी (पत्र्याचे खड्डे बुजवायचा लेप) जाड आहे. आमच्या गाडीच्या मागच्या खांबांवर ते वीतभर घसरत गेलं. पुढे पुट्टी खरवडली तेव्हा ती काही ठिकाणी अर्धा इंच निघाली. खाली गॅस वेल्डिंगची खडबडीत रेघ, आत आधाराचा पत्रा नाहीच, आणि डावीकडे तीन इंच तर उजवीकडे पावणेतीन असं कापलेलं.

काम सुरू करण्याआधी मी ऑक्टोबरमध्ये पेठ रोडच्या आरटीओत जाऊन विचारून आले. हे आधी करा, नंतर नाही. आरसी २०२१ मध्येच संपली होती. तिथे शांतपणे सांगितलं गेलं की गाडी या अवस्थेत तपासणीला आणण्यात अर्थ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. त्यात माझ्यासाठी एक दिलासा होता. गाडी आरसीत लिहिलीय तशी पुन्हा झाली तर "बदल" म्हणून वेगळं काही नोंदवायची गरजच उरत नाही.

बऱ्याच जणांनी "व्हिंटेज नंबर घे ना" असं सुचवलं. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण त्यात दोन मेखा आहेत. बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा ही एक. आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच, ही दुसरी. टप कापून पुन्हा जोडलेली गाडी मूळ रूपात आहे असं लिहून द्यायला माझं मन तयार होईना. शिवाय मला ती मामींना सोमेश्वरला न्यायला हवी होती, प्रदर्शनाला नाही. म्हणून साधं पाच वर्षांचं नूतनीकरणच करायचं ठरवलं.

मग कारागीर शोधणं. मुंबई नाका, द्वारका, अंबड, सगळीकडे विचारलं. एकाने "खांबांत तीन-तीन इंचाचे तुकडे घालू, आठ दिवसांत देतो" असं सांगितलं. पण टप खाली घेताना त्याचा पत्राही मध्ये कापून लांबवलेला होता. पुढचा खांब मागे कलतो, मागचा पुढे कलतो, त्यामुळे टप सरळ खाली आणला की तो खालच्या बुंध्यांना आखूड पडतो. म्हणजे नुसतं उचलून भागणार नव्हतं, टपच दुसरा हवा होता. दुसऱ्याने याहून सोपा उपाय काढला. दुसऱ्या पद्मिनीची (याच फियाटचं पुढचं नाव) अख्खी बॉडी आणू आणि चेसिस नंबर तिच्यावर ठोकू! असं कोणी सुचवलं तर तिथून चालू लागा. चेसिस नंबर बॉडीवरच कोरलेला असतो, त्याला हात लावणं हा सरळ गुन्हा आहे.

वडाळा नाक्याजवळ एक वयस्क डेंटर (गाडीच्या पत्र्याचं काम करणारे) आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी टपाकडे बघितलंच नाही. चारही दारं उघडली, लावली, परत उघडली, बिजागरीशी बोट लावून हलवून बघितली. मग म्हणाले, "ताई, टप म्हणजे टोपी. आधी डोकं सरळ करू. दारं बसल्याशिवाय मी टपाला हात लावणार नाही." किंमत विचारली तर मजुरीचे ८५,००० सांगितले, सामान वेगळं, आणि मुदत सांगायला साफ नकार. मी त्यांनाच काम दिलं. ज्यांनी मुदत सांगितली होती त्यांच्यातल्या कोणीच दार उघडून बघितलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर टप शोधायला कुर्ल्याला गेलो. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, त्यामुळे भंगारात माल अजून सापडतो, पण बरा माल पटकन उचलला जातो. चाचांनी आदल्या दिवशी नाशिकमधल्या एका न कापलेल्या फियाटची मापं कागदावर घेतली होती. काचेच्या चौकटीचे कर्ण, खांबांची उंची, दारांच्या चौकटी. तीच मापं घेऊन आम्ही टप मोजत फिरलो. एक टप जुळला, काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा, पिवळाधमक, वर कॅरिअरच्या पायांनी पाडलेले खड्डे. सगळे खांब कमरेच्या खालून कापून घेतले, कारण जास्तीचा पत्रा कमी करता येतो, कमी पडला तर काही करता येत नाही. १८,००० टपाचे आणि ६,५०० टेम्पोचे. दुकानदाराकडून पावतीवर गाडीचा जुना नंबर लिहून घेतला आणि नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली. उद्या कोणी विचारलं तर हा पत्रा कुठून आला ते दाखवता आलं पाहिजे.

डिसेंबरभर गाडीच्या टपाला कोणी हात लावला नाही. आधी बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवून बाहेर ठेवली, आतलं अस्तर आणि सीट काढल्या. वेल्डिंगची ठिणगी आणि जुन्या टाकीतली वाफ यांची गाठ पडू देऊ नका, चाचांसारखा माणूस हे न सांगता करतो, पण तुम्ही विचाराच. मग गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवली आणि गवंडी वापरतात ती पाण्याची नळी धरून दोन्ही बाजू एका पातळीत आणल्या. तेव्हा कळलं की मधला भाग खाली बसलाय. टप कापताना आधीच्या लोकांनी आत आधारच दिला नव्हता, त्यामुळे दारांच्या चौकटीच तिरक्या झाल्या होत्या. मग कितीही ठोकाठोक केली तरी दार कुठून बसणार?

चाचांनी जॅक लावून बॉडी रोज थोडी थोडी उचलली. प्रत्येक वेळी बिजागरीपासून कुलपाच्या खिट्टीपर्यंतचे दोन्ही कर्ण मोजायचे आणि खडूने पत्र्यावरच आकडा लिहायचे. डावीकडचा आणि उजवीकडचा आकडा सारखा झाला त्या दिवशी त्यांनी प्रत्येक चौकटीत चौकोनी पाइपाचे तिरपे आधार टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून पक्के केले. दार लावून बघितलं. एका बोटाने ढकललं आणि खट्‍ करून लागलं. मला इतका आनंद झाला की मी ते उगाच परत परत लावत बसले, तेव्हा चाचांच्या पोराने हात जोडले.

जानेवारीत जुना टप उतरला. खरं सांगते, बिनटपाची गाडी बघून पोटात गोळा आला. तोवर परतीची वाट होती, आता नव्हती.

टॅक्सीच्या टपाचे खड्डे मात्र अडून बसले. कॅरिअरच्या वजनाने तिथला पत्रा ताणला होता, एक बाजू दाबली की दुसरी उसळायची. चाचा म्हणाले, यावर पुट्टी भरली तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय? ते जुन्या नाशकातल्या तांबट गल्लीतून ओळखीच्या एका म्हाताऱ्या तांबटांना घेऊन आले. त्यांनी आपली गुळगुळीत तोंडाची हातोडी आणि लोखंडी ठोकळा फडक्यात गुंडाळून आणला होता. पत्र्यावर रुपयाएवढा ठिपका गॅसने लाल करायचा, भोवतीने हलक्या हाताने ठोकत मध्ये यायचं आणि लगेच ओलं फडकं ठेवायचं. चर्र आवाज, वाफ, आणि पत्रा आक्रसतो. मग पुढचा ठिपका. घंगाळं घडवणारा माणूस मोटारीच्या टपावर काम करतोय हे बघायला आजूबाजूच्या गॅरेजातली पोरं जमली. ते मजुरी घेईनात. शेवटी चाचांनी परस्पर काय दिलं ते मला आजवर कळलेलं नाही.

जोडायच्या वेळी जुनी वेल्डिंगची रेघ पूर्ण कापून त्याखालचा चांगला पत्रा गाठला. जोड सगळे एका उंचीवर ठेवले नाहीत, पुढचे वेगळे, मधले वेगळे, म्हणजे एकाच रेषेत कमजोरी राहत नाही. प्रत्येक खांबाच्या आत १८ गेजच्या पत्र्याची बाही, आणि बाहेरच्या पत्र्याला भोकं पाडून त्यातून बाहीला टाके. सगळं सीओटू वेल्डिंग, ०.८ मिलिमीटरच्या तारेवर. गॅसने पत्रा फार तापतो आणि लाटा उठतात. तेही सलग नाही. एक टाका डावीकडे पुढे, दुसरा उजवीकडे मागे, मध्ये हात लावून पत्रा थंड झालाय का बघायचं. आणि पूर्ण शिवण्याआधी, नुसत्या टाक्यांवर असताना, खऱ्या काचा बसवून बघितल्या. ही पायरी घाईत वगळली जाते. मागची काच एका कोपऱ्यात सूतभर अडत होती. टाके तोडून खांब सरकवला. रंगानंतर हे कळलं असतं तर सगळंच परत आलं असतं. पत्रा, तार, गॅस, प्रायमर मिळून ११,००० गेले.

याच सुमारास मामी बघायला आल्या. निम्मी करडी, वरून पिवळी गाडी बघून म्हणाल्या, "टॅक्सी चालवणार आहेस का गं आता?"

मार्चमध्ये रमजान लागला. चाचा रोजे ठेवतात, त्यामुळे काम दुपारपर्यंतच. मला घाई नव्हती आणि नाशिकची कोरडी हवा रंगाला चांगलीच. पुट्टी होती, ती सगळेच वापरतात, पण कागदाइतकी पातळ. मी चुंबक फिरवून बघितलं, चाचा हसले. पूर्ण गाडीच्या रंगाचे ४६,००० झाले, कारण नुसता टप रंगवला असता तर जुन्या रंगाशी मेळ बसला नसता.

पुढची काच बसवताना मात्र कामावरून रजा काढून मी मुद्दाम उभी राहिले. काचेला सगळीकडून रबरी बीडिंग घालतात, बीडिंगच्या खाचेत साबणाचं पाणी लावून मजबूत दोरी फिरवतात आणि दोन्ही टोकं खाली मधोमध आत सोडतात. बाहेरून एकजण तळहाताने काच दाबून धरतो, आतून दुसरा दोरी हळूहळू ओढतो, आणि दोरी निघेल तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून उडी मारून आत येतो. वरच्या कोपऱ्यात दोरी अडकली तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखला. ओढली असती तर काच तडकली असती. चाचांच्या पोराने लाकडी पट्टीने ओठ उचलला आणि ती सुटली. लॅमिनेटेड पुढची काच, बाकीच्या काचा आणि बीडिंग १२,५००, टपाचं आतलं अस्तर कुशनवाल्याकडून ९,०००. अस्तर सगळ्यात शेवटी करा, पावसाची एक तरी परीक्षा झाल्यावर.

ती परीक्षा ठरवूनही घेता आली नसती अशी झाली. मे २०२५ मध्ये अवकाळीने धुमाकूळ घातला. गाडी दोन रात्री उघड्यावर होती. सकाळी आत वर्तमानपत्र पसरून ठेवलेलं, फक्त मागच्या उजव्या कोपऱ्यात ओलं. पन्हळीच्या जोडाला सीलर लागायचं राहिलं होतं. ते लावलं, मग अस्तर.

कागदपत्रं एप्रिलपासूनच समांतर चालू होती. जुन्या हस्तलिखित आरसीच्या गाड्या बऱ्याचदा 'वाहन' या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत नसतात. आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवणं, व्हावी लागते, तोवर ऑनलाइन काहीच पुढे सरकत नाही, अगदी नवी नंबरप्लेटसुद्धा. म्हणून हे काम गाडी गॅरेजात असतानाच उरकून घ्या. माझ्या बाबतीत मूळ पुस्तकातलं एक पान फाटलं होतं, पण मामांनी १९८० च्या दशकातल्या कर भरल्याच्या पावत्या फाइलला लावून ठेवल्या होत्या, त्या कामी आल्या. नंतर दादाकडून माझ्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, नूतनीकरणाला फॉर्म २५. विमा थर्ड पार्टी, हजार ते दीड हजार सीसीला ३४१६ रुपये अधिक जीएसटी. पीयूसी, पर्यावरण कर. नूतनीकरणाचं शुल्क तेव्हा ५००० होतं, पण उशिराचे महिन्याला ५०० वेगळे. तीन वर्षांहून जास्त थकल्याने ते मूळ शुल्काच्या कितीतरी पुढे गेलं. गाडी नुसती उभी असेल तरी आरसीची तारीख बघत राहा.

तपासणीला गाडी चालवत न्यायची नाही, आरसी संपलेली आहे. टोइंगवरच नेली. निरीक्षकांनी बॉनेटखालच्या चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतला. रंगाऱ्याला तिथे जाड रंग मारू नको असं आधीच बजावलं होतं, म्हणून आकडे स्वच्छ उमटले. दिवे, ब्रेक, हॉर्न, वायपर. मग दारं उघडून लावून बघितली. खांबांच्या कामाबद्दल विचारलं तेव्हा मी कुर्ल्याची पावती आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो पुढे केले. त्यांनी ते सावकाश बघितले आणि सही केली.

आरटीओ सोडून एकूण खर्च १,८८,००० झाला. गाडीची बाजारातली किंमत विचाराल तर हा व्यवहार तोट्याचा आहे, आणि मी हिशेबाची माणूस असून सांगते. टप कापलेली गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर त्या किमतीत हा आकडा मिळवा, मग स्वस्त वाटते का बघा. त्यात आता ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या चारचाकीचं नूतनीकरण १०,००० झालं आहे. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचे ७४५ अधिक जीएसटी वेगळे.

मागची उजवी काच अजून थोडी जड फिरते. चाचा म्हणतात, चॅनेलचं रबर बदलू. त्या टॅक्सीच्या खांबांचे कापलेले बुंधे आणि बीडिंगचा जुना संच त्यांच्याकडे पडून आहे. फियाटवाल्या कोणाला लागणार असेल तर पावसाळ्याआधी घेऊन जा, नंतर चाचा ते भंगारात घालणार आहेत.